छोट्या रुग्णालयातील कचरा मुळात कमी कसा करावा? कोल्हापुरातील जाणकारांकडून मार्गदर्शन हवे

व्यवस्थापक_राजारामपुरी यांचा प्रश्न

नमस्कार. राजारामपुरीतील एका खासगी रुग्णालयाचे दैनंदिन व्यवस्थापन माझ्याकडे आहे. पंचवीस खाटा, एक शस्त्रक्रियागृह, लहानसे प्रसूतिगृह, तळमजल्यावर औषधांचे दुकान आणि प्रयोगशाळा असा सर्वसाधारण पसारा आहे. आमच्या डॉक्टरांनी रुग्णालय पर्यावरणस्नेही करण्याचे मनावर घेतले असून त्यासाठी काही रक्कमही बाजूला काढली आहे. आतापर्यंत आलेल्या सूचना म्हणजे गच्चीवर सौर पॅनेल, स्वागतकक्षात कुंड्या आणि जिन्यात हिरव्या अक्षरांतील घोषवाक्ये. पॅनेलला माझा विरोध नाही. परंतु रोज संध्याकाळी मागच्या दाराशी संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्यांचा जो ढीग लागतो तो पाहिला की आपण कामाला भलत्याच टोकाकडून हात घालतो आहोत, असे वाटत राहते.

कायद्याची बाजू आम्ही सांभाळतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशी वर्गवारी आहे, पिशव्यांवर बारकोड लागतो, सामायिक प्रक्रिया केंद्राची (अनेक रुग्णालयांच्या कचऱ्यावर एकत्र प्रक्रिया करणाऱ्या केंद्राची) गाडी नियमित येते आणि वार्षिक अहवालाचा फॉर्म चार ३० जूनच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो. मात्र हे सगळे कचरा तयार झाल्यानंतरचे आहे. तो तयारच कमी व्हावा यासाठी आमच्या आकाराच्या रुग्णालयाने नेमके काय करावे, याचे उत्तर मला नियमांत सापडत नाही. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांचे अहवाल वाचले, पण तेथे या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. आमच्याकडे मी, एक इन्चार्ज सिस्टर आणि सफाईच्या मावशी, एवढेच मनुष्यबळ आहे.

आणखी एक अडचण सांगतो. आमचे प्रक्रिया शुल्क खाटांच्या संख्येवर ठरलेले आहे. उद्या पिवळा कचरा निम्म्यावर आणला तरी बिलात फरक पडणार नाही. अशा वेळी व्यवस्थापनाला या कामाचा फायदा कसा पटवून द्यावा, तेही कृपया सुचवावे.

---

निवृत्त_मेट्रन

पिवळी पिशवी का भरते हे जाणून घ्यायचे असेल, तर आधी ती कुठे ठेवली आहे ते पाहा. आपण प्रत्यक्ष वॉर्डात एका ड्रेसिंगच्या वेळी उभे राहावे, अशी माझी पहिली सूचना आहे. सिस्टर ट्रॉली घेऊन खाटेशी येतात. हातमोज्यांच्या पाकिटाचा कागद फाडला जातो, गॉजच्या पाकिटाचे वेष्टन निघते, चिकटपट्टीची रिकामी रीळ निघते, नव्या बाटलीचे सील निघते. आणि यातील एकाही वस्तूला अजून रुग्णाचा स्पर्शही झालेला नसतो. त्यानंतर जखमेवरचा जुना बोळा निघतो, तो मात्र खरोखर पिवळ्या पिशवीचा. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात एकच बादली असेल आणि ती पिवळी असेल, तर हे सगळे तिच्यातच जाणार. दोन्ही हातांत मोजे घातलेली सिस्टर वेष्टनाचा कागद टाकण्यासाठी वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परत येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तिला रागावून उपयोग नाही आणि भिंतीवर तक्ता लावूनही फारसे साधत नाही. ट्रॉलीच्या दांड्यालाच साध्या कचऱ्याची पिशवी अडकवा आणि ती हाताच्या अधिक जवळ ठेवा. पिवळी बादली खाली राहू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आरोग्यसेवेतून निघणाऱ्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा घरगुती कचऱ्यासारखाच बिनधोक असतो आणि उरलेला १५ टक्के धोकादायक असतो. गोम अशी आहे की या पंधरांत ते पंच्याऐंशी मिसळले की सगळेच धोकादायक ठरते, कारण एकदा मिसळलेला कचरा पुन्हा हाताने निवडण्यास नियमांतही परवानगी नाही आणि ते माणुसकीलाही धरून नाही. म्हणून तुमच्यासारख्या ठिकाणी निम्म्याहून अधिक काम बादल्यांची जागा बदलूनच होते, त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

आता शहाळ्यांविषयी. आपल्याकडे रुग्णाला भेटायला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही आणि कोल्हापुरात तो शहाळे घेऊन येतो. ते पिऊन झाल्यावर खाटेखाली जी बादली दिसेल तिच्यात जाते. ओल्या शहाळ्यांनी जड झालेली पिवळी पिशवी उचलताना मावशींच्या कमरेला काय होते ते त्यांनाच विचारावे. मजल्याच्या टोकाला, नातेवाइकांना सहज दिसेल अशा ठिकाणी, ओल्या कचऱ्याचा एक मोठा डबा ठेवून वॉर्डातल्या प्रत्येक खाटेजवळची 'कुठलीही' बादली काढून टाकली, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. तो ओला कचरा घंटागाडीकडे द्यावा. आवारात जागा असल्यास खड्डा करून खत करावे, मात्र शहाळी तोडून टाकावी लागतात, अख्खी कुजायला फार काळ लागतो.

हातमोज्यांकडेही लक्ष द्यावे. करोनानंतर खाटेवरची चादर बदलणे, रक्तदाब मोजणे, जेवणाचे ताट उचलणे, फाईल हाताळणे अशा प्रत्येक कामाला मोजे चढवण्याची सवय लागली आहे. रक्त किंवा शरीरातील द्रव यांचा संबंध येणार असेल तेथे मोजे हवेतच. इतरत्र हात धुणे अधिक सुरक्षित असते, कारण मोजे घातलेला माणूस तेच हात घेऊन चार खाटांवर फिरतो आणि आपण स्वच्छ आहोत, असे समजतो. लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाने २०१८ मध्ये अनावश्यक मोजे टाळण्याची मोहीम घेतली आणि वर्षभरात सुमारे २१ टन प्लास्टिक वाचवले. तुमचा आकडा अर्थातच लहान असेल, पण मोज्यांच्या खोक्यांची महिन्याची खरेदी तुमच्याच वहीत आहे. ती मोहिमेआधीची आणि नंतरची शेजारी शेजारी लिहिली की डॉक्टरांना वेगळे पटवावे लागणार नाही.

शेवटी एक आग्रहाची विनंती. नियमानुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावयाची असते व वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करावयाची असते. कंत्राटी मावशी बहुतेक ठिकाणी या यादीतून सुटतात. त्यांचे लसीकरण झाले आहे की नाही, हे आधी पाहावे आणि मग त्यांच्याकडून वर्गीकरणाची अपेक्षा करावी. कोणत्या वॉर्डातून काय चुकीचे येते, याची सर्वांत अचूक माहितीही त्यांच्याकडेच असते.

---

पर्यावरण_अभियंता

मेट्रन ताईंनी शहाळ्यांचा उल्लेख केला ते उत्तम झाले, कारण पिवळ्या पिशवीचे पुढे काय होते हे रुग्णालयात फारसे कोणाला माहीत नसते. ती पिशवी भट्टीत जाते. भट्टीच्या दुसऱ्या कक्षाचे तापमान १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून धूर तेथे किमान दोन सेकंद राहील, अशी व्यवस्था नियमांनुसार करावी लागते. पाण्याने भरलेले शहाळे त्या भट्टीत गेले, की आधी त्यातील पाणी उडवण्यासाठी इंधन जळते. म्हणजे आपण इंधन जाळून पाणी आटवण्याचे पैसे देतो. कागद आणि पुठ्ठा जाळणे हेही असेच, जो पुठ्ठा रद्दीवाला आनंदाने विकत घेईल त्याला आपण जाळण्यासाठी पाठवतो.

दुसरा मुद्दा क्लोरीनचा. क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळाले की डायऑक्सिन आणि फ्युरान ही अतिविषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. म्हणूनच रक्ताच्या पिशव्या वगळता क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे २७ मार्च २०१९ पर्यंत वापरातून काढण्याची मुदत नियमांत घातली गेली. पिशव्यांचा पुरवठादार स्वस्त दराने काय देतो आहे, त्याचे प्रमाणपत्र आपण मागून घ्यावे. याहून नित्याची चूक म्हणजे पिवळ्या पिशवीत वरून हायपोक्लोराइट (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) ओतणे. जंतू मरावेत ही त्यामागची भावना प्रामाणिक असते, परंतु जाळण्यासाठी जाणाऱ्या कचऱ्यावर क्लोरीनयुक्त जंतुनाशक वापरू नये, असे नियम स्पष्ट सांगतात. प्रयोगशाळेतील जंतूंची कल्चर, रक्ताचे नमुने आणि रक्ताच्या पिशव्या यांच्यावर मात्र बाहेर पाठवण्याआधी जागेवरच प्रक्रिया करावी लागते, त्यासाठी ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) हा अधिक चांगला मार्ग आहे. हायपो कुठे ओतायचा आणि कुठे नाही, एवढे एक पान इन्चार्ज सिस्टरांनी सर्वांना समजावून दिले, तर हायपोच्या कॅनची खरेदीही कमी होईल.

कोल्हापुरात राहून सांडपाण्याविषयी न बोलणे बरे नव्हे. पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की आपण साखर कारखाने, इचलकरंजीचे कापड प्रोसेस उद्योग आणि जयंती नाल्याकडे बोट दाखवतो. पण शहरातील रुग्णालयांच्या मोऱ्याही शेवटी त्याच दिशेने वाहतात. फॉर्मेलिन, प्रयोगशाळेतील रंगद्रव्ये, वापरलेले जंतुनाशक, जुन्या पद्धतीच्या एक्स-रेचे डेव्हलपर आणि फिक्सर हे सारे नियमांनुसार रासायनिक द्रव कचऱ्यात मोडते आणि ते थेट मोरीत सोडता येत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातील घाण कुजताना खर्च होणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत आणि रासायनिक मागणी २५० च्या आत असावी, असे मानक आहे. दहापेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांनाही द्रव कचऱ्याची मानके पाळण्यासाठी ३१ डिसेंबर २०१९ ही मुदत दिली होती, त्यामुळे 'आम्ही लहान आहोत' ही सबब आता उरलेली नाही. तुमच्याकडे एक्स-रे अजून ओल्या फिल्मवर निघत असेल तर डिजिटल यंत्रणेकडे जाणे हाच उपाय. त्याने फिल्म, डेव्हलपर आणि फिक्सर तिन्ही एकदम जातात. फिक्सरमध्ये चांदी उतरते, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक असते, आणि हुपरीसारखे चांदीकामाचे गाव असलेल्या आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट वेगळी सांगण्याची गरज नाही. मात्र असे द्रव अधिकृत परवाना नसलेल्या कोणालाही देऊ नये.

तीच गोष्ट सलाईनच्या बाटल्यांची. ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून त्या येतात तो पुठ्ठा आणि बाहेरचे प्लास्टिकचे वेष्टन खुशाल रद्दीत द्यावे. वापरलेली बाटली, आयव्ही सेट, कॅथेटर, मूत्राची पिशवी आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत गेली पाहिजे. तेथून ती प्रक्रिया केंद्रात ऑटोक्लेव्ह होऊन, तुकडे होऊन, मगच पुनर्वापर करणाऱ्याकडे जाते. मधल्या मध्ये भंगारवाल्याला दिलेली सिरिंज पुन्हा कोणाच्या दंडात शिरणार नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

शुल्काबाबत आपले निरीक्षण अगदी रास्त आहे. खाटेवर शुल्क आकारले जाते तेथे कचरा कमी करणाऱ्याला बिलात काही दिसत नाही, आणि माझ्या मते आपल्या व्यवस्थेतील हा मोठाच दोष आहे. एकट्या रुग्णालयाने दर बदलून मिळणे कठीण. राजारामपुरी-शाहूपुरीतील चार-सहा रुग्णालयांनी एकत्र येऊन वजनावर आधारित दराची मागणी केली तर तिला वजन येईल. तोपर्यंत बचत बिलात न शोधता खरेदीत शोधावी. २०१९ मध्ये हेल्थ केअर विदाउट हार्म या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगाच्या एकूण निव्वळ उत्सर्जनापैकी ४.४ टक्के वाटा आरोग्यसेवेचा आहे आणि त्यातील सुमारे ७१ टक्के भाग खरेदीच्या साखळीतून, म्हणजे औषधे, उपकरणे, वस्तू तयार होण्यात आणि वाहून आणण्यात होतो. न मागवलेली वस्तू टाकावी लागत नाही. त्यामुळे पर्यावरणाचा आणि तिजोरीचा हिशेब येथे एकाच वहीत बसतो.

सौर पॅनेल जरूर बसवावे, छप्पर मोकळे असेल तर सौर पाणीतापकही. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण ते विकणारे तुम्हाला सर्व काही सांगतील.

---

जुना_शल्यचिकित्सक

चर्चा चांगली चालली आहे, तरी एक सावधगिरीचा शब्द लिहिणे माझे कर्तव्य समजतो. पर्यावरणाच्या नावाखाली एकदाच वापरण्याच्या वस्तू धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह कोणालाही होऊ नये. कॅथेटर, सिरिंज, आयव्ही सेट यांच्या बाबतीत हा विषय चर्चेचाही नाही. एका जंतुसंसर्गामुळे रुग्ण आणखी आठवडाभर खाटेवर राहिला, तर त्याला लागणारी सलाईन, प्रतिजैविके, ड्रेसिंग आणि वीज यांचा कचरा आपण वाचवलेल्या कचऱ्याच्या कितीतरी पट होतो. संसर्ग टाळणे हे कचरा कमी करण्याचे पहिले साधन आहे, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

मुळातच पुन्हा वापरण्यासाठी बनलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी आहे. आमच्या उमेदीच्या काळात शस्त्रक्रियागृहातील गाऊन, टोप्या, रुग्णावर अंथरायच्या चादरी सगळ्या सुती असत, धोब्याकडून येत, ड्रममध्ये भरल्या जात आणि ऑटोक्लेव्ह होत. पुढे न विणलेल्या कापडाचे एकदाच वापरायचे संच आले आणि ते सोयीचे असल्यामुळे टिकले. जुन्या सैल विणीच्या सुती कापडातून रक्त आणि पाणी आरपार जाते व त्याचे तंतू सुटतात, हा त्यावरील आक्षेप खरा आहे. म्हणून पुन्हा जुन्या हिरव्या चादरींकडे जा असे मी म्हणणार नाही. दाट विणीचे, द्रवरोधक, अनेकदा धुता येणारे कापड आता मिळते. लहान शस्त्रक्रियांसाठी ते वापरून पाहावे, धुलाईची नोंद ठेवावी आणि विरळ झालेले कापड वेळेवर बाद करावे. धुण्यालाही पाणी, वीज आणि साबण लागतो, तेव्हा हा सौदा पूर्णपणे फुकटचा नाही, परंतु रोज पिशवीभर गाऊन जाळण्यापेक्षा तो मला निश्चितच बरा वाटतो.

पुन्हा वापर आणि सुरक्षितता यांचे वैर नाही, याचे आपल्याच देशातील उदाहरण म्हणजे अरविंद नेत्र रुग्णालये. तेथील मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका शस्त्रक्रियेमागे तेथे साधारण ६ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, तर ब्रिटनमध्ये त्याच शस्त्रक्रियेमागे सुमारे १३० किलो. उपकरणांचे बहुसंख्य संच निर्जंतुक करून पुन्हा वापरणे, एका शस्त्रक्रियेनंतर लगेच दुसरी सुरू होईल अशी टेबलांची मांडणी, आणि रुग्णांची संख्या मोठी असल्यामुळे प्रत्येक वस्तूचा पुरेपूर उपयोग, ही त्याची कारणे आहेत. आणि त्यांचे संसर्गाचे प्रमाण कमी असल्याची ख्याती आहे. पंचवीस खाटांत हे सर्व जमणार नाही, हे मान्य. तयार 'किट' मागवण्याऐवजी प्रत्येक शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष काय वापरले जाते याची यादी करणे मात्र कुठेही जमते. तयार किटमध्ये दहा वस्तू येतात, सहा वापरल्या जातात आणि पाकीट उघडले म्हणून उरलेल्या चार टाकल्या जातात. सर्जनला न विचारता टाके घालण्याचा धागा आधीच फोडून ठेवू नये, 'मागितल्यावर फोडा' एवढा नियम शस्त्रक्रियागृहात लावून पाहावा. या नियमाला सर्वाधिक विरोध आम्हा सर्जन मंडळींकडूनच होईल, त्याची तयारी ठेवावी.

---

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

शस्त्रक्रियागृहातील जो कचरा कोणत्याही पिशवीत जात नाही, त्याबद्दल थोडे लिहितो. भुलीचे वायू रुग्णाच्या शरीरात फारसे बदलत नाहीत. श्वासावाटे जसेच्या तसे बाहेर पडतात आणि हवेत जातात. डेस्फ्लुरेन हा वायू १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट उष्णता धरून ठेवतो. स्कॉटलंडच्या सरकारी रुग्णालयांनी २०२३ मध्ये त्याचा वापर थांबवला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून वैद्यकीयदृष्ट्या अटळ असेल तरच तो वापरावा, असा निर्बंध घातला. आपल्याकडील छोट्या रुग्णालयांत तो महाग असल्यामुळे क्वचितच आढळतो, त्यामुळे गरिबीने का होईना आपण त्या पापातून वाचलो आहोत. सेव्होफ्लुरेन हा भुलीचा दुसरा वायू त्या मानाने पुष्कळच सौम्य आहे.

नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू मात्र सर्वत्र आहे. तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७० पट तापवणारा असून वातावरणात शंभर वर्षांहून अधिक काळ टिकतो, शिवाय ओझोनच्या थरालाही बाधक आहे. ब्रिटनमधील रुग्णालयांत तपासणी झाली तेव्हा मध्यवर्ती पाइपलाइनमधील बहुतांश नायट्रस रुग्णापर्यंत न पोहोचताच गळून जातो, असे आढळून आले. आपल्या रुग्णालयात पाइपलाइन टाकण्याचा विचार असेल तर ऑक्सिजनची टाकावी, नायट्रससाठी सिलिंडरच ठेवावा आणि काम झाल्यावर त्याची झडप बंद करावी. आपल्या भूलतज्ज्ञांना भुलीच्या यंत्रातून ताज्या वायूचा प्रवाह मिनिटाला एक लिटर किंवा त्याहून कमी ठेवण्याविषयी विचारावे; त्याने भुलीचे औषधही वाचते. जेथे पाठीच्या कण्यात भूल देऊन काम भागते, उदाहरणार्थ सिझेरियन किंवा हर्निया, तेथे या वायूंचा प्रश्नच येत नाही.

वॉर्डासाठी एक छोटी सूचना. रुग्ण तोंडाने पाणी पिऊ लागला की शिरेतून चाललेले पॅरासिटामॉल आणि शक्य तेथे प्रतिजैविके गोळीच्या रूपात द्यावीत. एका गोळीमागे फॉइलचा एक तुकडा निघतो. एका शिरेतील मात्रेमागे बाटली, सेट, सिरिंज, सुई, बोळा आणि सिस्टरांची दहा मिनिटे जातात. रुग्णाच्या नातेवाइकांना मात्र 'सलाईन लावले' म्हणजेच उपचार झाले असे वाटते, तेव्हा त्यांची समजूत काढण्याचे काम डॉक्टरांनीच अंगावर घेतले पाहिजे.

---

व्यवस्थापक_राजारामपुरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मेट्रन ताईंनी सांगितल्याप्रमाणे ट्रॉलीच्या दांड्याला पिशवी अडकवण्याची व्यवस्था करतो आणि कोणत्या वॉर्डातून किती कचरा निघतो ते मोजण्यासाठी एक ताणकाटा मागवतो. शस्त्रक्रियागृहातील किटची यादी इन्चार्ज सिस्टर करणार आहेत. कंत्राटी मावशींच्या लसीकरणाची कागदपत्रे कंत्राटदाराकडे मागितली आहेत.

एक प्रश्न राहिला. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन शहराचा संपर्क तुटला होता. शस्त्रक्रियेत काढलेले अवयव, प्रसूतीनंतर पडणारी वार, रक्ताने माखलेले बोळे असा कचरा ४८ तासांहून अधिक काळ ठेवू नये, असे नियम सांगतो. अशा दिवसांत गाडी आली नाही तर काय करावे?

---

पर्यावरण_अभियंता

नियमातच त्याची सोय आहे. काही कारणाने ४८ तासांहून अधिक काळ साठवण्याची वेळ आली, तर आरोग्याला आणि पर्यावरणाला बाधा पोहोचणार नाही अशी व्यवस्था करून त्याची कारणांसह माहिती प्राधिकाऱ्याला, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाला, द्यावयाची असते. ती ई-मेलने, पहिल्याच दिवशी आणि तारीख-वार घालून द्यावी. आपल्या आवारात खड्डा खणून कचरा पुरू नये; खोल पुरण्याची परवानगी सामायिक केंद्राची सोय नसलेल्या दुर्गम भागांपुरती आहे, शिवाय पुराच्या दिवसांत जमिनीतील पाणी वर आलेले असते.

पूर्वतयारी म्हणाल तर राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर, आली की गाडीवाल्याला फोन करून त्या दिवशीच साठा पूर्ण रिकामा करून घ्यावा. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, तोपर्यंत थांबू नये. साठवणुकीची खोली तळघरात असेल तर ती पावसाळ्यापुरती वरच्या मजल्यावर हलवावी. राजारामपुरीत पाणी सहसा येत नाही, पण हे उत्तर शाहूपुरीतील कुंभार गल्लीच्या आसपासचे किंवा जयंती नाल्याच्या काठचे कोणी वाचत असेल, तर त्यांनी हे जरूर करावे.

---

निवृत्त_मेट्रन

प्रसूतिगृह असल्यामुळे वारेसाठी एक छोटा डीप फ्रीझर ठेवावा. त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे, त्याला कुलूप असावे आणि त्यात दुसरे काहीही, औषधसुद्धा, ठेवू नये. जनरेटरच्या जोडणीत तो घेतला आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून आताच पाहून घ्यावे. पुराच्या आठवड्यात नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या की कचराही आपोआप घटतो. २०१९ मध्ये पाणी उपसा केंद्रे बुडाल्यामुळे शहरात नळाला पाणी नव्हते, तेव्हा त्या तशाही पुढे ढकलाव्या लागल्या असत्या. पिवळ्या आणि लाल पिशव्या महिनाभर पुरतील एवढ्या जूनमध्येच आणून ठेवाव्यात, कारण रस्ता बंद झाल्यावर पुरवठादारही पोहोचू शकत नाही.